खंडेनवमीची फ्लॉपी

वीस वर्षांची होते, तेव्हा राग सदा माझ्या नाकावर असायचा. आई म्हणायची, हिच्याशी बोलताना विस्तवावरून चालल्यासारखं वाटतं. खोटं कशाला सांगू, होतेच मी तशी.

अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, सुलतान बाजारात टायपिंगचं दुकान होतं. सात टाइपरायटर, एक पंखा, लाकडी बाकं. नवं आर्थिक धोरण आलं आणि गिऱ्हाइकं दारातूनच "कंप्यूटर है क्या?" विचारून आल्या पावली परत जायला लागली. मग अण्णांनी कुरकुरत एक जुनापाना कंप्यूटर घेतला. त्याच्या पोटात काही साठवून ठेवायची सोय नव्हती. जे करायचं ते फ्लॉपीवर, तळहाताएवढ्या पातळ काळ्या चौकोनावर. चौकोनाला एक लांबट खिडकी असायची आणि तिच्यातून आतली चकचकीत तबकडी दिसायची. त्या तबकडीला बोट लावायचं नसतं, हे मला माहीत होतं. अण्णांना मी कधी सांगितलं नव्हतं.

त्या सुमारास केबलवर रविवारी सकाळी एक परदेशी मालिका लागायची. अंतराळातली बंद पडलेली ठाणी दुरुस्त करत फिरणारं एक खटारा यान आणि त्याची एकटी चालक बाई. इंग्रजी अर्धं डोक्यावरून जायचं, तरी मी एकही भाग चुकवला नाही; शेजारी पेपर वाचत अण्णा असायचे. आणि एके रविवारी केबलवाल्याने ते चॅनलच काढून टाकलं! बाई ठाण्याच्या बंद दारासमोर, हवा संपत आलेली, आणि पुढच्या आठवड्यात तिथे भजनं. मी त्याच्याशी भांडायला गेले तर म्हणतो कसा, "कायको परेशान होते बाजी, दूसरा देखो." बाजी म्हणजे ताई.

दुसरं बघायचं नव्हतंच मला. दुकान दुपारी बंद असायचं तेवढ्या वेळात मी त्या यानाचा गेम लिहायला घेतला. यान म्हणजे चार तिरक्या रेघा, ठाणं म्हणजे एक चौकट. बाण दाबत, हवा संपायच्या आत यान दारातून आत न्यायचं. सहा महिने लागले. सगळं जमलं, पण यान दाराला टेकलं की पडदा जागच्या जागी गोठायचा.

सिकंदराबादला एक गृहस्थ दसऱ्याच्या मुहूर्तावर सॉफ्टवेअरची कंपनी उघडणार होते. त्यांनी मला बजावलं होतं, डिग्री राहू दे, स्वतः केलेलं काहीतरी चालवून दाखव. दाखवलं तर नोकरी. नाही तर जन्मभर अण्णांच्या दुकानात बसून पोरींना टायपिंगचे धडे द्यायचे. आणि दसरा उद्यावर आला होता.

आज खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा, आणि पूजा झाली की दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. शेजारचे लोक करोत न करोत, अण्णांचा नेम पक्का. "वर्षभर ती आपल्यासाठी राबतात, दीड दिवस त्यांना सुट्टी नको?" असं म्हणायचे. मी मनाशी म्हटलं, जेवून अण्णा आडवे झाले की किल्ली घेऊन सटकायचं. चोरी तर चोरी.

शटर अर्धं उचलून आत शिरले. सातही टाइपरायटर पुसून लख्ख केलेले, हळदीकुंकू लावलेले, वर झेंडूची फुलं. कंप्यूटरच्या कपाळावरही टिळा, वर एक फूल. त्याच्यासमोर पाटावर माझी फ्लॉपी, पाकिटातून बाहेर काढलेली. आणि त्या खिडकीत, नेमका तबकडीवरच, ओल्या कुंकवाचा जाडजूड टिळा.

दुसरी प्रत काढली नव्हती मी. आळशीपणा माझाच.

तेवढ्यात दिव्यात तेल घालायला अण्णा आले. मला बघून काही बोलणार, इतक्यात मीच तुटून पडले. "काय करून ठेवलंत हे!"

"टिळा लावला. पाकिटाला कोण लावतं? अंगाला लावायचा असतो."

"सहा महिन्यांचं काम गेलं माझं! उद्या काय दाखवू तिथे, कुंकू? या सात भंगारांबरोबर मलाही गंजवायचंय तुम्हाला!"

बोलून गेले. अण्णांनी टाइपरायटरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तेलाची वाटी खाली ठेवली.

"आत काय असतं याच्या?"

"तबकडी. पातळ."

"धुतली तर?"

मला तरी कुठे माहीत होतं! अण्णा कंप्यूटरसमोर उभे राहिले, हात जोडले, "माफ कर बाबा," म्हणाले आणि त्याच्यावरचं फूल स्वतःच्या हाताने उचलून बाजूला ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नेम मोडला आणि मी नुसती बघत राहिले.

पुढचं सगळं त्यांनीच केलं. ब्लेडने फ्लॉपीची कड कापली. तबकडीची कुठली बाजू वर होती ते आधी पेन्सिलने कागदावर लिहिलं. मशीन खोलताना त्यांची तशीच सवय. माठातल्या पाण्याखाली तबकडी कडेला धरून धुतली, धोतराच्या मऊ फडक्याने टिपली, पंख्याखाली धरली. फ्लॉपींच्या नव्या डब्याचं सील फोडलं, त्यातल्या एका फ्लॉपीचं कव्हर कापून ही तबकडी आत सरकवली. ती मशीनमध्येही अण्णांनीच घातली.

घर्र घर्र आवाज. पडद्यावर चूक. पुन्हा करू की सोडून देऊ, मशीन विचारत होतं. मी पुन्हा दाबलं. पुन्हा चूक. नऊ वेळा, दहा वेळा. अण्णा माझ्या मागे उभे.

बाराव्यांदा वाचलं.

आधी प्रत काढली. मग मी चूक शोधायला बसले. चार वाजले, पाच वाजले. अण्णा शटरपाशी स्टुलावर, रस्त्याकडे तोंड करून, कुणी गिऱ्हाईक आलं तर "आज बंद है" सांगत. पाच वाजून गेल्यावर यान दारातून आत गेलं. मी ओरडलेच. अण्णांनी वळून पडदा पाहिला, त्यांना त्या चार रेघांत काय दिसलं कोण जाणे. "पोचली का बाई?" एवढंच विचारलं.

नोकरी मिळाली. भंगार म्हटल्याची माफी मात्र मी मागितली नाही. आज मागेन, उद्या मागेन करत राहून गेली.

पुढच्या खंडेनवमीला आमच्या ऑफिसात काम दणक्यात चालू होतं. अमेरिकेच्या गिऱ्हाइकाला कसली आलीय खंडेनवमी! संध्याकाळी तशीच दुकानात गेले. टाइपरायटर आता तीनच उरले होते. त्यांच्या शेजारी पाटावर माझ्या फ्लॉपीचं ते कापलेलं, रिकामं कव्हर मांडलेलं. टिळा होता, पण खिडकीपासून लांब, पार कोपऱ्यात.

अण्णांनी माझ्या हातावर गूळखोबरं ठेवलं.

"तुमच्याकडच्या मशीनांना दिली ना आज सुट्टी?"

सकाळपासून टाइप करून बोटं ठणकत होती. मी मूठ मिटली.

"दिली, अण्णा."

"बरं केलंत," ते म्हणाले. "वर्षभर राबतात बिचारी."