बांगडीवालीनं ओळखलेलं दुखणं

निजामाच्या राज्यातली गोष्ट सांगते, मी नवी नवरी होते तेव्हाची. नणंद सासरी गेली आणि तिच्या पोपटानं खाणंच सोडलं. छातीची पिसं चोचीनं उपटायचा. सासूबाईंनी दृष्ट काढली, भिजवलेली डाळ दिली, हिरवी मिरची दिली. तो तोंड फिरवून बसायचा. आता काही हा जगत नाही, असंच सगळे म्हणायला लागले.

आमच्या गावी, चुडाव्याला, दारी एक म्हातारी बांगडीवाली यायची. नाव कधी विचारलंच नाही. हात धरला की तिची बडबड सुरू, अन् त्या नादात बांगडी कधी मनगटावर चढायची ते कळायचंसुद्धा नाही. त्या दिवशी मात्र माझा हात तसाच धरून ती पिंजऱ्याकडं बघत राहिली.

"बेटी, याच्याशी बोलतं कोण?"

"कुणीच न्हाई. ताईच बोलायच्या."

"मग तू बोल की!"

"काय बोलू?"

"कायबी बोल. मी काय लय शहाणपणाचं बोलते होय?"

दुपारी पिंजऱ्याजवळ बसले. माहेरच्या विहिरीचं, भावाचं, मारक्या म्हशीचं सांगत सुटले. सांजेला त्यानं डाळीचा एक दाणा उचलला. तरी मी घसा बसेपर्यंत बोलतच राहिले. सासरी आल्यापासून तेवढं कुणाशी बोललेच नव्हते.