दाजी, माल द्या

तिसगावचा कानिफनाथ चांगला बाप्या गडी झाल्यावर फरशीकाम शिकायला राहुरीला गेला, यात त्याची काही चूक नव्हती. बहात्तरच्या दुष्काळाने शेतीलाच सुट्टी दिली होती. चूक एवढीच, की बायकोच्या आग्रहाखातर त्याने तिच्या धाकट्या भावालाही बरोबर नेलं. हा मेव्हणा म्हणजे गोरक्ष.

राहुरीत आप्पासाहेब नावाच्या ऊसवाल्या बागायतदाराच्या नव्या बंगल्यात भीमा मिस्त्री शहाबादी फरशी बसवत होता. त्याने दोघांच्याही हातात घमेली दिली आणि सांगितलं, "ज्याचा हात बसंल, त्याला थापी. दिवाळीपत्तूर बघू." थापी मिळाली की माणूस कारागीर. तोवर माल कालवायचा आणि वाहायचा.

पोळ्यालाच थापी गोरक्षला मिळाली.

सासरवाडीत पाटावर बसून पुरणपोळी खाणारा जावई आता मेव्हण्याला सिमेंट-वाळू वाढू लागला. त्यात गोरक्ष स्वभावाने भारी नम्र. "दाजी, माल द्या." "दाजी, जरा घट कालवा." "दाजी, बसा वाईच, दमला असाल." शिवी दिली असती तर भांडता तरी आलं असतं. घरी गेला तर बायको चांगुणा कौतुकाने विचारायची,

"आमचा गोरख फरशा बसवतो म्हनं?"

"बसवतो."

"आन तुमी?"

"मी बसवू देतो."

दिवाळीला सासरवाडीला जायचं होतं. मेव्हणा कारागीर आणि जावई घमेलेवाला, या थाटात ओवाळून घ्यायची कानिफनाथाची तयारी नव्हती. मग त्याने एक उद्योग सुरू केला. फरशीखाली माल गच्च भरला असेल तर ती मुकी राहते. पोकळी राहिली तर टिचकी मारताच बोलते, आणि मिस्त्री ती उखडायला लावतो. कानिफनाथ रोज सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन गोरक्षच्या आदल्या दिवशीच्या फरशा बोटाच्या पेराने वाजवू लागला. एवढ्या भक्तीने त्याने देवळातली घंटाही वाजवली नव्हती. फरशा मुक्याच. बोटाची सालं मात्र निघाली.

एकदा गोरक्षने पाहिलं. "काय करता, दाजी?"

"मुंगी बघत हुतो."

"घावली?"

"न्हाई."

"घावंल की. इतक्या लौकर उठल्यावर."

आणि एके दिवशी देवघराच्या कोपऱ्यातली फरशी बोलली. अगदी हळू, पण बोलली. कानिफनाथ वरात घेऊन यावं तसा मिस्त्रीला घेऊन आला. मिस्त्रीने बोटाने वाजवलं, थापीच्या मुठीने वाजवलं, मग कान टेकवला.

"मला तर काय आयकू येईना."

"हाय, मिस्त्री. उचलून बघा."

उचलली. खाली कोपऱ्यात तळहाताएवढी जागा रिकामी. गोरक्षने मान खाली घातली. आता बोलणी बसणार म्हणून कानिफनाथ नीट ऐकायला उभा राहिला, तर मिस्त्री त्याच्याकडेच बघत होता.

"रोज वाजवतो व्हय रं?"

"व्हय."

"कशापायी?"

कानिफनाथ सोललेलं बोट चोळू लागला. मिस्त्रीने पुन्हा विचारलं नाही. त्याला स्वतःला चार मेव्हणे होते. "मत्सरानं का व्हईना, कान लई तयार झालाय तुझा. माझा न्हाई झाला एवढा. घे ही थापी. ही फरशी तूच बसव. गोरक्षा, दाजीला माल दे."

पोळ्यापासून मनात घोळवलेलं वाक्य कानिफनाथाने अखेर उच्चारलं. "गोरक्षा, माल दे."

"घ्या की, दाजी," गोरक्ष म्हणाला आणि मनापासून हसला. मेव्हण्याला खरोखरच आनंद झालाय हे पाहून कानिफनाथाचा निम्मा आनंद तिथेच आटला. फरशी बसवली, दोरीत आणली, पण घास काही गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी सवयीने तो लवकर आला, तर देवघरात आधीच कुणीतरी ओणवं होऊन कोपऱ्यातली फरशी ठोकत होतं.

"काय रं, गोरक्षा?"

गोरक्षने बोट झटकन पाठीमागे लपवलं. "काय न्हाई, दाजी. मुंगी बघत हुतो."

कानिफनाथाचा जीव सुपाएवढा झाला. सासरवाडीत ओवाळून घ्यायची आता त्याला काळजी उरली नाही. तो शेजारी उकिडवा बसला आणि मायेने म्हणाला,

"बघ, बघ. पलीकडच्या कडंलाबी बघ."