ओरिसियाचा रिकामा चौकोन

ओरिसिया ह्नातियुकनं कॅनडातल्या विनिपेगमध्ये एकतीस वर्षं गव्हाची प्रत ठरवली. मूठभर दाणे तळहातावर पसरायचे, बघायचं, सांगायचं. निवृत्तीनंतर तिला विद्यापीठात काम मिळालं. बातम्यांखाली तरुण पोरं जे लिहितात ते वाचून प्रत्येक वाक्याला द्वेषाचा आकडा द्यायचा, शून्य ते तीन. शेजारच्या टेबलावर मीही तेच करायचो. एकमेकांचे आकडे बघायला बंदी होती.

हॉकीच्या बातमीखाली एका फिलिपिनो गोलरक्षकाबद्दल कुणीतरी लिहिलं होतं, ‘गोलमध्ये भाताचं पोतं उभं केलंय.’ भात खाणारे म्हणून आशियाई लोकांना हिणवायची ही तिकडची जुनी रीत. ओरिसियानं तीन दिले.

पोरांचंही मत हवं म्हणून दर गुरुवारी त्यांची बैठक व्हायची, पिझ्झा असायचा. तिथं हे वाक्य वाचल्यावर जेरिको नावाचा फिलिपिनो मुलगा हसला. “अहो आजी, आम्ही एकमेकांना असंच म्हणतो!”

पुढच्या आठवड्यात तेच वाक्य पुन्हा तिच्यासमोर आलं. तिनं शून्य दिलं. आमच्या प्रमुख मोनिकबाई जुनी वाक्यं गुपचूप पुन्हा मिसळतात, माणसाचं स्वतःशी तरी जमतंय का बघायला, हे आम्हाला तेव्हा कळलं.

“ओरिसिया, तीनचं शून्य कसं झालं?”

“पोरगा हसला ना.”

“मग शून्यच?”

“पण हसताना त्यानं पिझ्झ्यावरून मान वर केली नाही.”

“म्हणजे तीन?”

“तेही कसं म्हणू? भूक लागली असेल.”

“शुक्रवारपर्यंत एक आकडा द्या. नाहीतर तुमचं चार महिन्यांचं काम बाद होईल.”

“गव्हात शंका आली की आम्ही त्याच पोत्यातून दुसरी मूठ काढायचो,” ती पुटपुटली.

गुरुवारी तिनं जेरिकोला बाजूला घेतलं. “खरं सांग रे, लागलं का तुला?”

“कोण म्हणालं त्यावर आहे, आजी. कोण म्हणालं?”

तिनं कागद पाहिला. नावं पुसलेली होती. कुणाची ओळख उघड होऊ नये म्हणून आम्हीच पुसली होती.

“नाही ना माहीत? मग मला काय विचारता!” तो म्हणाला, आणि या वेळी हसला नाही.

शुक्रवारी तिनं त्या वाक्यापुढचा आकड्याचा चौकोन रिकामाच ठेवला. तिचं सगळं काम बाद झालं. गहू तपासायचं जुनं भिंग पिशवीत टाकून ती गेली.

माझं काम राहिलं. त्या वाक्याला मी दोन्ही वेळा शून्य दिलं होतं, म्हणून मी भरवशाचा ठरलो. का दिलं होतं, ते मला आजही आठवत नाही.