उलट्या रिळांचा सिनेमा

तो सिनेमा वाईट होता. मालात खोट असेल तर विकणाऱ्यानं ती आधीच सांगावी, म्हणजे गिऱ्हाइकाला मागाहून तोंड उघडायला जागा राहत नाही. मानवतच्या मोंढ्यात पोती वाहता वाहता मी एवढं शिकलो. तर खोट अशी होती. लाखो वर्षांपूर्वीचा तो अजस्र प्राणी म्हणजे पाठीवर काटे चिकटवलेली घोरपड होती. आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ती ओळखू यायची. पळणाऱ्या साहेबाची टोपी खडकामागे जाताना डोक्यावर असायची, बाहेर येताना गायब आणि पुढच्या वळणावर पुन्हा डोक्यावर. ज्वालामुखी तर सरळ चुलीवर उतू गेलेलं पिठलं वाटायचा.

आणि तरीही त्याच्याइतका जीव मी दुसऱ्या कुठल्या सिनेमाला लावला नाही.

एका फिरत्या टॉकीजवाल्यानं धंदा गुंडाळला, तेव्हा त्याचं मशीन, पडदा आणि या इंग्रजी सिनेमाचे डबे मी सौदा करून उचलले. तो म्हणाला, "याचा आवाज गेलाय." मी म्हणालो, "मग मुक्याचा भाव लावा." भाव पडला. आवाजाची सोय माझ्याकडे होती. माझा मित्र मॅट्रिक होऊन बेकार फिरत होता. मी कुणब्याचा, तो बौद्ध. आमची दोस्ती मोंढ्यातल्या हमालांच्या पाणवठ्यावर जमली होती. त्याचा आवाज असा, की नुसतं 'बस आली' म्हणाला तरी माणसं उठून उभी राहायची. ठरलं असं, की मी मशीन चालवायचं आणि त्यानं पडद्याशेजारी माईक धरून मराठीत गोष्ट सांगायची.

पहिला खेळ त्याच्याच गावच्या जत्रेत लावला. गडबडीत मी तिसऱ्या रिळाच्या जागी चौथं चढवलं. प्राणी तळ्याकाठी कोसळला, मेला, साहेबानं त्याच्या अंगावर पाय ठेवून फोटोसुद्धा काढला. पुढचं म्हणून राहिलेलं तिसरं रीळ लावलं तर तोच प्राणी त्याच तळ्याकाठी धडधाकट, मान वळवून इकडंतिकडं बघायला लागलेला. तंबूत हशा पिकला. कोणी ओरडलं, "ए मालक, मेलेलं उठलं की!" मी घामाघूम. मशीन बंद करणार, तेवढ्यात माईकवरून तो शांतपणे म्हणाला,

"मंडळी, हा तो न्हवं. ही त्याची बायको. धनी गेला हे तिला कुणी सांगितलं न्हाई अजून. ती त्याला हुडकायलीय."

तंबू चिडीचूप झाला. घोरपडीनं मान उजवीकडं वळवली, तर तो म्हणाला, "इकडं न्हाई, बाई." डावीकडं वळवली, तर म्हणाला, "तिकडं बी न्हाई." बायांच्या बाजूनं नाक ओढल्याचे आवाज यायला लागले. शेवटी पिठलं उतू गेलं आणि ती त्याच्या धुरात दिसेनाशी झाली, तेव्हा पुढं बसलेला एक मिशाळ पाटील उपरण्यानं डोळे पुसत होता. खेळ सुटल्यावर त्यानं माझ्या मित्राच्या पाठीवर थाप मारली. "लेका, रडवलंस आमाला."

त्यानंतर आम्ही रिळं कधी सरळ लावली नाहीत. तो सगळा हंगाम गावोगाव तीच घोरपड आपल्या नवऱ्याला शोधत फिरली, आणि रोज मशीनमागं उभा राहून मीही तिच्याबरोबर मान वळवायचो. खोटं आहे हे मला जितकं ठाऊक होतं तितकं कुणाला ठाऊक असणार? ती रिळं माझ्याच हातांनी उलटी लागत होती. पण त्याचा आवाज सुरू झाला की घोरपड घोरपड राहायची नाही.

त्याच वर्षी पावसाळ्यात विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला. त्याच्या गावात बौद्धवाड्यातली घरं जाळली, त्यात त्याचंही गेलं. कळलं तसा मी एका ओळखीच्या जीपवाल्याच्या मागं लागलो. तो म्हणाला, "तिकडं न्हाई येणार, जमाना खराब हाय." त्याची गचांडी धरली तेव्हा तो निघाला. मित्राचं कुटुंब शेजारच्या गावी नातेवाइकांकडे होतं. दारात त्याची माय उभी होती. मी कितीदा तिच्या हातची भाकर खाल्ली होती. ती माझ्या डोक्यावरून पलीकडं बघत म्हणाली, "न्हाई तो हितं."

तेवढ्यात आतून खोकला आला. तो खोकला मी भर बाजारात ओळखला असता. मी थांबलो. दार लागलं.

पुढं कळलं की तो नांदेडला गेला, कचेरीत लागला. मी गेलो नाही. का जावं? मी घर जाळायला गेलो नव्हतो, न्यायला गेलो होतो. जाळणाऱ्यांना लावायचं दार त्यानं मला लावलं. हा राग मी वर्षानुवर्षं पोसला. एकट्यानं एक खेळ लावून पाहिला. बिनआवाजाच्या पडद्यावर प्राणी आला आणि सगळा तंबू ओरडला, "घोरपड! घोरपड!" ज्यानं मोठ्यानं ओरड सुरू केली होती त्याला मी खाली ओढून मारलं आणि धंदा बंद केला. पुढं बारदान्याच्या, म्हणजे रिकाम्या पोत्यांच्या व्यापारात मी वर आलो. मशीन विकलं. डबे विकले नाहीत.

विद्यापीठाचा नामविस्तार झाला, त्याच वर्षी उन्हाळ्यात नव्या जमान्याचा तसलाच सिनेमा हिंदीत परभणीला लागला. मी पाहिला. प्राणी श्वास घेत होते, कातडी हलत होती, कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. थिएटर किंचाळत होतं. पण त्यातला एकही प्राणी कुणाला शोधत नव्हता. मी मधेच उठलो आणि दुसऱ्या दिवशी नांदेडची बस धरली.

दार त्यानंच उघडलं. केस पिकले होते. "ये," म्हणाला, जणू कालच भेटलो होतो. मी बसल्या बसल्या मुद्द्यावर आलो.

"डबे हायेत माझ्याकडं. मशीन भाड्यानं आणतो. एक खेळ करू. तू फक्त बोल."

"न्हाई."

"मानवतला नको, तर परभणीला करू."

"न्हाई जमणार."

"बरं, हितंच. तुझ्या घरात, भिंतीवर. बायकोवालं एकच रीळ."

तो हसला. "अजून सौदा करायची खोड गेली न्हाई तुझी."

मग माझा तोल गेला. "मी आलतो त्या दिवशी! जीप घेऊन आलतो! तू आत होतास!"

"होतो. तू खोकला ऐकून थांबलास, ते बी मला कळलं. मीच मायला म्हणलो, न्हाई म्हण."

"म्हणजे मी आन् ते एकच?"

"त्या दिवशी तुमी एकच होता," तो म्हणाला. आवाज चढला नाही. "घरं पेटली तवा मी गावात ओरडत फिरलो. दारोदार. मला वाटलं, जत्रेत ज्यांनी माझ्या आवाजावर डोळे पुसले, ते तरी दार उघडतील. एकानं बी न्हाई उघडलं. आता त्याच आवाजानं घोरपडीची बायको करू?"

भाव पाडायला मला हजार वाटा माहीत आहेत. इथं एकही चालणार नव्हती.

त्याची कॉलेजात जाणारी मुलगी चहा घेऊन आली होती. दारातच थबकून तिनं विचारलं, "बाबा, तुम्ही सिनेमात बोलायचे?"

"काम न्हवतं तवा," तो म्हणाला. "चहा दे त्यांना."

घरात कुणालाच त्यानं सांगितलं नव्हतं. मी ज्याच्यावर आयुष्यभर जीव टाकला, ते त्यानं आपल्या लेकीपासूनही लपवून ठेवलं होतं. मी चहा प्यालो. गोड होता, फार चांगला होता.

तो मला बसस्टँडपर्यंत सोडायला आला. वाटेत कापसाचं विचारलं, माझ्या गुडघ्याचं विचारलं. गाडी लागली. आमच्याकडं निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतात. चुकून कुणाच्या तोंडून गेलंच तर समोरचा लगेच टोकतो.

"जातो," मी म्हणालो.

त्यानं टोकलं नाही. खिडकीशी उभा राहून तो म्हणाला, "जागा मिळाली न्हवं? बस नीट." गाडी हलली.