मशीनच्या डोक्यावर हात

टोपी काढून बगलेत मारायची, उजवा हात मशीनच्या डोक्यावर ठेवायचा, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि डोळे मिटून सुरू करायचं: "बा देवा म्हाराजा!"

एवढं केल्याशिवाय त्याने आमच्या होडीच्या मशीनची दोरी कधी ओढली नाही.

नाव लिहीत नाही. माणूस जिवंत आहे, आणि त्याची मुलगी माझ्यापेक्षा फटकळ आहे. देवबागात कोणालाही विचारा, "मशीनाक गाराणा घालणारो खंय रवता?" समोरचा आधी हसेल आणि मग घर दाखवील. घराला आता कुलूप आहे.

होडी आम्हा दोघांची, अर्धी त्याची, अर्धी माझी. कुठली अर्धी कोणाची यावर भांडण झालं नाही, कारण मशीन बसतं ती मागची बाजू त्याने पहिल्याच दिवशी धरली. मी पुढे, जाळ्यापाशी. मशीन दुसऱ्याने वापरून कंटाळून विकलेलं. सकाळी सुरू व्हायला नखरे, आणि सुरू झालं की खाडीच्या तोंडाशी, जिथे नदी दर्याला मिळते आणि लाटा अंगावर येतात, नेमकं तिथे मरायचं. मी शिव्या द्यायचो. तो नाही. तो मशीनकडे बघून शांतपणे म्हणायचा, "तेची येळ येवक व्हयी."

गाऱ्हाणं आमच्याकडे सगळेच घालतात. घर बांधलं, गाय आटली, पोरगा परीक्षेला बसला, की एकजण देवाला सांगणार आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणणार. पण रोज उठून मशीनसाठी गाऱ्हाणं घालणारा मी तरी हा एकच बघितला. त्यात याचा नियम कडक. मागून कोणी "व्हय म्हाराजा" म्हटलं नाही, तर दोरीला हात लावायचा नाही. "एकट्यान घातलेलो गाराणा म्हणजे नुसती बडबड," म्हणायचा. मला चारचौघांत लाज वाटायची. मी तोंड फिरवून जाळं सारखं करत बसायचो. उत्तर द्यायची ती माझी बायको.

ती डबा घेऊन आम्हाला सोडायला वाळूवर यायची. पदर खोचून, एक हात कमरेवर. याची ओळ संपली की तिचा आवाज खणखणीत.

"बा देवा म्हाराजा! ह्या मशीनान आज जा काय मनात धरल्यान आसात, ता सोडूक लाव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या नळयेत कचरो आसात, पाणी आसात, कोणाची वायट नजर आसात, ती धुवून काड म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा! आणि ह्या दोघांका नवीन मशीन घेवची बुद्धी दी म्हाराजा!"

तो एक डोळा उघडायचा. "वयनी, तुमी फकस्त व्हय म्हणा. मधी आपला गाराणा घुसडू नकात."

"भावजीनू, देव माझा आधी ऐकता."

मासळीवाल्या बायका टोपल्या खाली ठेवून हसायच्या. मशीन कधी सुरू व्हायचं, कधी नाही. झालं तर तो टोपी घालायचा. नाही झालं तर पुन्हा बगलेत.

एकदा मेलं ते पर्यटकांच्या बोटींच्या मधोमध. त्या माशांसारख्या इकडून तिकडे पळणाऱ्या बोटी, आणि मध्ये आम्ही, बुडालेल्या ओंडक्यासारखे. शेवटी त्यांच्यातल्या एकाने दोरी टाकून आम्हाला ओढत आणलं. बोटीतली माणसं मोबाईल काढून शूटिंग करतायत, मी लाजेने जाळ्यात तोंड घातलेलं, आणि हा मागे उभा राहून टोपी हलवतोय, वरात निघाल्यासारखा. एका बाईने विचारलं, "काका, इंजिन बंद पडलं का?" तर हा एकदम ऑफिसातल्या मराठीत, "नाही मॅडम, त्याला आज सुट्टी आहे."

मालवणचा मेकॅनिक येऊन बघून गेला. म्हणाला, "काका, ह्येच्यात आता काय रवला नाय. नवीन घेवा." झालं. त्या मेकॅनिकशी याने बोलणं सोडलं. रस्त्यात दिसला तर पलीकडच्या बाजूने जायचा. मला म्हणाला, "डागतरान आशा सोडलेली माणसा बाजारात बांगडे घेताना बघलेली आसत मी."

पैशाचं म्हणाल तर ते अडलेलं नव्हतं. अडलं होतं ते याच्या मनात. "बऱ्या मशीनाचो माणूस निजता," हे त्याचं म्हणणं. "वायट मशीन माणसाक जागो ठेवता." मी हे ऐकून घ्यायचो. माझी बायको मात्र बोलायची. दर्यातून आलं की तो आमच्याकडेच जेवायचा. त्याची बायको लवकर गेलेली, मुलगी लग्न होऊन मिठबावला. बांगड्याचं तिखलं त्याच्या ताटात वाढताना माझी बायको सांगायची, "नवीन मशीन येयपर्यंत ह्या शेवटचा तिखला."

"वयनी, माणूस बिघडलो म्हणान बदलतत काय? मगे मशीन कित्या बदलूचा?"

"माणूस बदलूक गावलो असतो," ती माझ्याकडे बघून म्हणायची, "तर हे आज हय बसलेले दिसले असते?"

तो ठसका लागेपर्यंत हसायचा. आणि दुसऱ्या दिवशी तिखलं असायचंच.

पुढचं थोडक्यात सांगतो, लांबवायला मला जमत नाही. एका पावसाळ्यात ती गेली. ताप आला, दवाखान्यात नेली, घरी आणली ती झाकून. नारळी पौर्णिमा आली, नारळ दर्याला दिला, सगळ्यांच्या होड्या पाण्यात गेल्या. मी घरापुढच्या खळ्यात बसून राहिलो. त्याला सांगितलं, माझी अर्धी होडी तू घे, नाहीतर वीक, मी दर्यात येणार नाही. कशाला यायचं? आणलेला मासा शिजवणार कोण, आणि परत आलो काय न आलो काय, वाळूवर उभं राहून बघणार कोण.

दुसऱ्या दिवशी तो सकाळी खळ्यात हजर.

"चल."

"येत नाय सांगलंय ना?"

"दर्यात नको येव. वाळयेत येवन उभो रव. व्हय म्हाराजा म्हण आणि परत घराक जा. गाराण्याक माणूस नाय माका."

"बायकांका सांग."

"त्यो हसतत."

मी उठलो. का उठलो, विचारू नका. ती उभी राहायची तिथेच जाऊन उभा राहिलो. याने टोपी काढली, हात ठेवला, "बा देवा म्हाराजा!" आणि मी जन्मात पहिल्यांदा त्याला उत्तर दिलं. आवाज बसलेला. मशीन फुरफुरलं आणि मेलं. पुन्हा गाऱ्हाणं, पुन्हा फुरफुर, पुन्हा मेलं. तो म्हणाला, "माझ्या एकट्याच्या हातात जोर नाय. आत चढ, दोरी ओढ आणि उतर." मी लुंगी वर खोचून चढलो, दोरी ओढली. मशीन वाघासारखं गुरगुरलं आणि याने होडी आत घातली.

"अरे, उतरूक दी!"

"उतर की," तो म्हणाला. तोपर्यंत पाणी गळ्याच्या वर.

अशा रीतीने मी घरच्या लुंगीवर, अनवाणी, चहासुद्धा न घेता दर्यात गेलो. जाळं ओढताना लक्षात आलं की भूक लागलीय. किती दिवसांनी लागली होती.

मग रोज तेच. खळ्यात हाक, वाळूवर गाऱ्हाणं, दोनदा फुरफुर, आणि "आत चढ." मशीन हल्ली जास्तच बिघडलंय, असं तो गावभर सांगत सुटला. मीही तसंच समजत होतो. एक दिवस चढताना माझी नजर खाली गेली. पेट्रोलच्या टाकीपासून मशीनपर्यंत जी रबरी नळी जाते, तिच्यावर त्याची टाच होती. घट्ट दाबलेली. मी दोरी हातात घेतली तशी टाच हळूच बाजूला झाली.

मी वर बघितलं. तो दर्याकडे बघत होता. भरतीचं पाणी कसं आहे ते मला सांगायला लागला. मी दोरी ओढली. त्यावर आम्ही कधी बोललो नाही, आणि माझी सकाळची हाक कधी चुकली नाही.

पुढच्या वर्षी वारा फिरायच्या दिवसांत खाडीच्या तोंडाशी मशीन मेलं. लाट उभी येत होती. होडी आडवी झाली आणि पाणी आत आलं. खरं सांगतो, मी आधी त्याच्या पायाकडे बघितलं. पाय नळीवर नव्हता. तो दोरी ओढत होता, ओठ पांढरे, आणि गाऱ्हाणं घालायला त्याला श्वास नव्हता. मी वल्हं घेतलं, त्याने दुसरं घेतलं, आणि दोघे म्हातारे शिव्या घालत, पाणी पीत पलीकडच्या वाळूवर जाऊन पडलो. त्याने त्या दिवशी पहिल्यांदा मशीनला शिवी दिली. नंतर जवळ जाऊन मशीनच्या डोक्यावरची रेती हाताने पुसली.

मग म्हणाला, "वयनी म्हणा होती ता खरा. नवीन घेवया."

"घेवया."

"नव्या मशीनाक दोन माणसा लागणत नाय." वाळूत बोटाने रेघा ओढत होता. "एका ओढीत सुरू जाता म्हणतत. मगे तू येतलंस?"

मी म्हटलं, "आधी मशीन तर येवंदे."

मशीन आलं. मालवणातून टेम्पोने, नव्या नवरीसारखं प्लास्टिकमध्ये गुंडाळून. बायकांनी हळदकुंकू लावलं, याने नारळ फोडला. जुनं उतरवून वाळूवर ठेवलं होतं, त्यालाही खोबऱ्याचा तुकडा दिला. मी त्या दिवशी हाक यायची वाट बघत खळ्यात बसलो होतो. खोटं कशाला सांगू, आंघोळ करून, चहा घेऊन बसलो होतो. हाक उशिरा आली. आली तेव्हा तो खळ्याच्या बाहेरच उभा होता, आत आला नाही.

"बघूक तरी ये," म्हणाला.

मशीन बसवायला आलेल्या माणसाने, याला काही कळायच्या आत, दोरी ओढली. एकच ओढ. सुरू! आवाज असा गोड, की शिवणयंत्र चाललंय वाटावं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. हा टोपी हातात धरून तोंड उघडं ठेवून उभा. म्हशीने दूध न मागता दिल्यावर गवळी उभा राहील तसा.

"बंद कर," तो म्हणाला.

"काका, चांगला चलता..."

"बंद कर म्हणतंय ना मेल्या! गाराणा रवला!"

मशीन बंद झालं. त्याने हात ठेवला. नव्या मशीनचं डोकं गुळगुळीत, त्याचा हात दोनदा घसरला.

"बा देवा म्हाराजा! ह्या नवीन लेकरू आसा, शिकलेला आसा, एका हाकेक उठता. पण होडयेत दोन माणसा चढल्याबगर ह्येका सुरू जावंक दिव नको म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं. बायका हसल्या नाहीत.

"वयनीन मागलेला ता तू दिलंस, उशिरा दिलंस, तरी दिलंस म्हाराजा!"

यावर माझा आवाज फुटेना. तो डोळे मिटून थांबला. मशीनवाला घड्याळ बघत होता, लाट येऊन पायांवरून जात होती, आणि हा थांबलेला. मी व्हय म्हणेपर्यंत त्याने दोरीला हात लावला नाही. मग मी पाण्यात उतरलो आणि माझ्या जागेवर, पुढे जाळ्यापाशी जाऊन बसलो.

त्यानंतर चांगले गेले दिवस. मशीन कधी मेलं नाही. त्याला ते थोडं खुपायचं. "ह्या कधी रुसणाच नाय," तक्रार करायचा. "ह्येच्याशी बोलायचा काय?"

मग त्याचे डोळे गेले. दर्या आणि आभाळ यातली रेघ दिसेना, तेव्हा मुलगी येऊन त्याला मिठबावला घेऊन गेली. जाताना टेम्पोत त्याने दोन वस्तू घेतल्या. एक कपड्यांची पिशवी आणि एक जुनं मशीन. पिशवी मागे टाकली, मशीन मांडीशी घेऊन बसला. मला म्हणाला, "हाक मारूक कोण नाय म्हणान निजा नको." मुलीने दार लावलं.

जावयाची आंब्याची बाग आहे. परवा मुलीचा फोन आला होता. "काका, तुमीच कायतरी सांगा बाबांका. बागेतल्या पंपाच्या डोक्यार हात ठेवतत आणि आमका सगळ्यांका व्हय म्हाराजा म्हणूक लावतत. आमचे घरवाले पण म्हणतत आता!"

"पंप चलता ना?" मी विचारलं.

"चलता."

"मगे म्हणा."

मी आता एकटाच जातो, लांब नाही, खाडीतच जाळं टाकतो. मशीन चांगलं आहे, एका ओढीत उठतं. पण पहिली ओढ मी मुद्दाम अर्धीच घेतो. ते फुरफुरतं आणि थांबतं. मग त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहतो. गाऱ्हाणं मला येत नाही, कधी शिकलोच नाही. त्याला जेवढा वेळ लागायचा, तेवढा थांबतो. वाळूकडे एकदा बघतो. मला येतं तेवढं म्हणतो, "व्हय म्हाराजा," आणि दोरी पुरी ओढतो.