आवणीनंतरचा वर्ग

विद्यापीठाने मॅडमना फसवलं. मॅडमनी आम्हाला फसवलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण जव्हारच्या बाजारात अजूनही काही लोक उलटं बोलतात, आणि ते कानावर आलं की माझं डोकं फिरतं.

मॅडम आमच्या गावातल्या विद्यापीठ उपकेंद्राच्या प्रमुख होत्या. प्रमुख त्याच, शिक्षक त्याच, शिपाई सुट्टीवर असला की झाडू मारणाऱ्याही त्याच. उपकेंद्र म्हणजे एसटी डेपोच्या पलीकडची भाड्याची जुनी इमारत. एक हॉल, दोन खोल्या आणि दारावर इमारतीपेक्षा नवी पाटी. दारात विद्यार्थी येवो, पोस्टमन येवो, नाहीतर भांडायला मी, त्या ओढणीच्या टोकाने बाकावरची धूळ झटकायच्या आणि म्हणायच्या, "बसा तर आधी." माणूस एकदा बसला की संपलं. उठायचा तो कशाला तरी नाव नोंदवूनच.

माझं असंच झालं. मी डोक्यावर टोपली घेऊन पाड्यापाड्यावर बांगड्या-आरसे विकत वर आलेला माणूस. आता बाजारात माझं फर्निचरचं दुकान आहे. भाव करण्यात मला कोणी हरवलेलं नाही. मॅडम बाक घ्यायला आल्या तेव्हा मी नेहमीसारखा चढा भाव सांगितला आणि त्या तो कितीवर पाडतात याची वाट बघत बसलो.

"बरं," मॅडम म्हणाल्या.

"बरं म्हणजे?"

"भाव तुमचा. अट माझी. यातल्या एका बाकावर तुम्ही बसायचं. बारावी झालीय ना?"

"झालीय. बाहेरून. सतरा नंबरचा फॉर्म भरून."

"मग बी.ए.ला बसा तर आधी."

समोरचा भावच करत नाही म्हटल्यावर माझा संताप संताप झाला. त्या संतापात मीच भाव खाली आणला, आणि पांढऱ्या केसांनिशी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला बसलो.

वर्गात माझ्या मागच्या बाकावर जामसरची मंगळी. नवरा, दोन पोरं, डोंगरउतारावर भात-नागलीची शेती, आणि तोंड असं की माझ्यासारख्याने गप्प बसावं. मॅडमनी मला प्रश्न विचारला आणि मी वहीत डोकं खुपसलं की ती मागून म्हणायची, "शेठ, दुकानात वाघ, हितं मांजर!" सगळा हॉल हसायचा. मॅडमही हसायच्या. मी घरी जाऊन रागाने धडा पाठ करायचो. माझा अभ्यास झाला तो बराचसा मंगळीच्या जिभेमुळे.

बी.ए.शिवाय तिथे बांबूकामाचा वर्ग होता, ग्रामसभेच्या कायद्याचा होता, नागली-वरईचे पदार्थ करून विकण्याचा होता. त्या शेवटच्या वर्गाला मॅडमनी मलाच उभं केलं, भाव कसा सांगायचा ते शिकवायला. मी बायकांना म्हणालो, "पहिला भाव गिऱ्हाईकाला बोलू द्या." मंगळी लगेच म्हणाली, "शेठ, मग आमी तुमच्या दुकानात आलो की तुमी का पहिलं बोलता?" त्या दिवशी माझा वर्ग लवकर सुटला.

पण पहिल्याच वर्षी एक घोटाळा झाला. विद्यापीठाचं वेळापत्रक शहरातून आलं होतं. परीक्षा दिवाळीनंतर. आमच्याकडे दिवाळी झाली की मुकादमाच्या गाड्या पाड्यावर येतात आणि घरंच्या घरं वीटभट्टीवर जातात. परीक्षेला हॉलमध्ये मी आणि बाजारातली दोन-चार पोरं. मॅडम रिकाम्या बाकांमधून फिरत होत्या. कशालाच हात न लावता.

होळीला माणसं परतली तेव्हा मॅडम जामसरला गेल्या. मीच माझ्या टेम्पोतून नेलं. मंगळी चुलीपुढे होती. मॅडमनी विचारलं, "परीक्षेला का नाही आलीस गं?"

"भट्टीवर होतो ना, मॅडम. तुमीच तर दिवाळीनंतर ठेवली."

 परतताना घाट उतरल्यावर मॅडम म्हणाल्या, "आपण गावाचं वेळापत्रक लावू. आवणी झाली की वर्ग सुरू, दिवाळीच्या आत परीक्षा."

आवणी म्हणजे भाताची लावणी. ती उरकली की कापणीपर्यंत माणूस गावात असतो. इतकी सरळ गोष्ट. पण ती पटवायला मॅडमना विद्यापीठाच्या किती फेऱ्या पडल्या, ते त्यांच्या चपलांना विचारा. शेवटच्या फेरीला मी बरोबर होतो. तिथले साहेब म्हणाले, "ठीक आहे मॅडम, तुमच्या सोयीने घ्या. तपासणी समिती पावसाळ्यातच पाठवू, वर्ग भरलेले असताना."

बाहेर पडल्यावर मी म्हणालो, "मॅडम, हा माणूस बोलताना तुमच्याकडे बघत नव्हता. दाराकडे बघत होता. असं गिऱ्हाईक परत येत नाही."

"तुम्हाला सगळी गिऱ्हाइकंच दिसतात," त्या म्हणाल्या. "शब्द दिलाय त्यांनी."

त्यानंतरचे दोन पावसाळे काय सांगू तुम्हाला! तुम्ही कुठल्याही कॉलेजात गेला असाल, पण दाराबाहेर डोक्यावरची पानांची इरली ओळीने टेकवून ठेवलेलं कॉलेज पाहिलं नसेल. पोटरीपर्यंत वाळलेला चिखल, आणि तोंडाने इतिहास. खिडकीतून धुकं आत यायचं, फळा दिसेनासा व्हायचा. मॅडम म्हणायच्या, "दिसत नाही ना? मग ऐका." मंगळी दोन्ही वर्षं पास झाली. पहिल्या खेपेला आपटलेला मीही झालो. आता शेवटचं वर्ष तेवढं उरलं होतं.

समिती आली ती ऐन थंडीत.

मॅडमचा दुकानात फोन आला. "या. असाल तसे या." मी गेलो. हॉल झाडलेला, बाक एकावर एक रचलेले, आणि स्वेटर घातलेले तीन पाहुणे. मॅडमनी ओढणीने एक बाक झटकला. "बसा तर आधी. मी सगळं सांगते."

ते बसले नाहीत. एक जण म्हणाला, "आम्हाला चालू वर्ग बघायचाय."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी एक बाक ओढून पुढे बसलो. मॅडम फळ्यापाशी गेल्या आणि त्या एवढ्या मोठ्या हॉलमध्ये मला एकट्याला शिकवू लागल्या. आवाज मात्र भरल्या वर्गाचा. त्यांनी प्रश्न विचारला, मी खडाखडा उत्तर दिलं. मागून वाघ-मांजर म्हणायला कोणी नव्हतं.

मी उठून भांडायला लागलो तेव्हा मॅडमनी हातानेच थांबवलं. पाहुण्यांनी उभ्या उभ्या डोकी हलवली, शिरपामाळ इथून किती लांब ते विचारलं, आणि तिथली महाराजांच्या मुक्कामाची जागा बघायला निघून गेले. ती त्यांनी नीट पाहिली, असं त्यांचा ड्रायव्हर मला चहाच्या टपरीवर म्हणाला.

उन्हाळ्यात केंद्र बंद झालं. विद्यार्थी नाहीत, म्हणून. शेवटचं वर्ष खालच्या शहरात येऊन करा, असं आम्हाला सांगण्यात आलं. मॅडमची बदली झाली. डेपोत मी त्यांची बॅग वर चढवली. त्या खिडकीतून म्हणाल्या, "मंगळीला सांगा, मी प्रयत्न करतेय."

आवणी उरकल्यावर माणसं आली. कुलूप बघून पायरीवर बसली. मंगळी दुकानात आली आणि पहिल्यांदाच हळू बोलली. "शेठ, मॅडम कवा येतील?"  शेजारच्या दुकानदाराने तेवढ्यात टाकलं, "तुमच्या मॅडमनी मोठ्या गावाची बदली घेतली, दुसरं काय!" त्याच्याशी मी अजून बोलत नाही.

मॅडम निवृत्त झाल्या. तरी दर श्रावणात त्यांचा फोन यायचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही, पहिलाच प्रश्न, "आवणी झाली का हो?"  यंदा आवणी कधीच उरकली. फोन आला नाही. मी लावला, तो कोणी उचलला नाही.

केंद्राचं सामान काढलं तेव्हा त्यातला एक बाक मी परत आणला. तो दुकानाच्या दाराशी आहे. बाजाराला आली की मंगळी त्यावर टेकते. विकायचा का म्हणून बरेच जण विचारतात. त्याचा भाव मी सांगत नाही.

माझं बी.ए. राहिलं, राहू द्या. मंगळीचं का राहिलं, ते मला हवंय. पावसाळ्यात यायची ठरलेली समिती थंडीत कोणी पाठवली? पाठवणाऱ्याला ठाऊक नव्हतं, की चांगलं ठाऊक होतं? तो साहेब असो, त्याच्या वरचा असो, त्याने एकदा जव्हारला यावं. मी ओरडणार नाही. बाक झटकून ठेवलाय. बसा तर आधी. आणि मग सांगा, तारीख कोणी बदलली?