कवळीवाल्याची दीर्घिका

कवळ्या बनवण्यात काकांचा हात धरणारा कोणी नव्हता. गल्लीतली निम्मी म्हातारी माणसं त्यांनी केलेल्या दातांनीच हसत. असा हा माणूस पन्नाशी उलटल्यावर एकाएकी आकाशाच्या नादी लागला. विकतची दुर्बीण घेणं त्यांच्यातल्या कारागिराला पटेना. त्यांनी वीतभर रुंदीच्या दोन जाड काचा आणल्या आणि मागच्या खोलीत पिंपावर ठेवून, मध्ये खरखरीत पूड घालून, एकमेकींवर घासायला घेतल्या. घासता घासता एक काच हळूहळू खोलगट होते आणि तिचाच पुढे आरसा होतो. हे 'हळूहळू' आठ महिने चाललं. काच सगळीकडून सारखी घासली जावी म्हणून पिंपाभोवती फिरत राहावं लागे. काका रोज संध्याकाळी दोन तास फिरत.

"डॉक्टरांनी चालायला सांगितलं तेव्हा यांचे गुडघे दुखत होते," बायको म्हणाली.

नळी म्हणून त्यांनी सांडपाण्याचा जाड पाइप घेतला. तो गच्चीवर चढवताना शेजाऱ्यांनी विचारलं, "टाकी बदलताय का?"

"नाही. दीर्घिकांचे फोटो काढायचेत. आपल्या आकाशगंगेसारख्याच ताऱ्यांच्या वस्त्या असतात, फार लांब."



दीर्घिका इतकी फिकट, की कॅमेरा तासन्‌तास तिच्यावर रोखून धरावा लागतो. आभाळ सरकेल तसा पाइप सरकवायला काकांनी एक मोटर आणि पट्टा बसवला. एवढं करून पहिला फोटो आला तो पांढराफटक. कारण समोरच्या गॅलरीतला दिवा. तिथे ऐंशीच्या शिवणवाल्या मावशी एकट्या राहत आणि त्यांचा दिवा रात्रभर जळे.

काका विनंती करायला गेले.

"अंधारात मी पडले, तर तुझे तारे येणार का मला उचलायला?" मावशींनी विचारलं.

बोलताना त्यांची जुनी कवळी शब्दांच्या अर्धं पाऊल मागे चालत होती. काकांचं लक्ष दिव्यावरून उडालं. "मावशी, ही कवळी तुम्हाला फार सैल झालीय. नवी करून देऊ?"

मावशींनी जरा विचार केला. "आधी दात, मग दिवा."

मावशींनी कवळी तीनदा परत पाठवली. "डावीकडे सूतभर झोळ आहे," त्या म्हणायच्या. "चाळीस वर्षं लोकांनी माझ्याकडून कपडे उसवून घेतले. आता माझी पाळी." चौथ्यांदा मात्र त्यांनी भाजलेले शेंगदाणे खाऊन दाखवले, आणि पुढच्या अमावास्येला दिवा मालवला.

आकाश काळंभोर झालं. काकांनी मन लावून फोटो काढले. पण सकाळी पाहतात तर प्रत्येक तारा तांदळाच्या दाण्यासारखा लांबट. त्यांचा चेहरा उतरला. आरशातच खोट राहिली, तो पुन्हा पहिल्यापासून घासायला हवा, असं त्यांनी जाहीर केलं.  बायकोने माहेरी न्यायची बॅग माळ्यावरून खाली काढली, नुसती पुसायला म्हणून.

तेवढ्यात मावशी आल्या. "माझा अंधार कुठे खर्च केलास ते बघू."

चष्मा कपाळावर चढवून, फोटो नाकाजवळ धरून त्या बराच वेळ पाहत राहिल्या. "हे सगळे एकाच बाजूला ओढले गेलेत."

"आरसा बिघडलाय, मावशी."

"कापड वाईट असेल तर ते कसंही चुरगळतं. सगळे टाके एकीकडेच जायला लागले की मशीन तपासायचं. तुझ्या यंत्राला पट्टा आहे?"

पट्टा होता. मावशी कठडा धरत, दर पाच पायऱ्यांना थांबत गच्चीवर गेल्या आणि त्यांनी तो बोटाने दाबून पाहिला. "हा पट्टा आहे की लेंग्याची नाडी? घसरणारच."

दुपारी त्यांनी आपल्या शिलाई मशीनचा जादा चामडी पट्टा मापात कापला, तारेच्या आकड्याने जोडला आणि स्वतः ताणून बसवला. काका शेजारी पक्कड धरून उभे होते. बॅग माळ्यावर गेली.

त्या रात्रीही मावशींनी दिवा मालवला. तीन तास फोटो काढून काकांनी ते एकावर एक जुळवले, तसे पडद्यावर दीर्घिकेचे दोन वळलेले बाहू उमटले. टोकाला आणखी एक छोटा ठिपका चिकटलेला.  काकांनी बायकोला खुणावलं.

"ही बाजूची छोटी कोण?" तिने विचारलं.

"दुसरी दीर्घिका. मोठी तिला ओढतेय."

"मला तर छोटीच सोडत नाहीये असं वाटतं," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून शेजारी बसली.

हा उजेड तीन कोटी वर्षांपूर्वी निघाला होता, असं काकांनी सकाळी मावशींना सांगितलं.  त्या म्हणाल्या, "एवढ्या लांबून आला बिचारा, आणि माझ्या बल्बपाशी अडला. आधी सांगायचंस ना."

"सांगितलं होतं."

"तेव्हा माझे दात हलत होते."

तो फोटो आता कामाच्या खोलीत, गिऱ्हाइकाच्या खुर्चीसमोर लावलाय. कवळीचं माप घेताना तोंडात भरलेला लगदा घट्ट व्हायला चार मिनिटं लागतात. तोवर माणसाला हलता येत नाही, बोलता येत नाही. काका तेवढ्या वेळात दीर्घिका समजावून सांगतात. अजून कोणीही मध्येच उठून गेलेलं नाही.